डब्याच्या तळाशी काळी भुकटी

मागच्या डिसेंबरात स्टोअरमधला प्लॅस्टिकचा डबा उघडला, तर तळाशी काळी भुकटी. बुरशी असेल म्हणून बोट फिरवलं, तशी भुकटी चालायला लागली.

डब्यात बेशरमाच्या साठ कांड्या होत्या. तुरीच्या प्लॉटच्या बांधावर आम्ही पोकळ कांड्यांच्या जुड्या टांगतो, पानं कातरणाऱ्या माश्यांसाठी. ही माशी एकटी राहते. पोळं नाही, राणी नाही, मध नाही. त्यामुळे बघायला आलेले शेतकरी "मध किती निघतो?" विचारतात, नाही म्हटलं की पुढे सरकतात. हीच माशी तुरीच्या फुलावर बसली की खालच्या पाकळ्या दबतात, पुंकेसर वर येतात आणि तिच्या पोटाखालचे केस परागानं पिवळे होतात, हे थांबून बघायला कुणाला वेळ नसतो. ऐन फुलोऱ्यात भर दुपारी फवारणी करणारेही हेच.

कांडी उभी चिरली की आत पानाच्या विड्या एकापुढे एक लावलेल्या दिसतात. भिंतीला लांबट तुकडे, झाकणाला गोल, कंपासानं आखल्यासारखे. प्रत्येक खोलीत पराग आणि मकरंदाचा गोळा, त्यावर एक अंडं. माद्या आत, नर तोंडाशी, कारण नर आधी बाहेर पडतात. इतकं नेमकं काम मी दुसऱ्या कुठल्या किड्याचं पाहिलेलं नाही.

शत्रू आम्हाला माहीत होते. टोकदार पोटाची सीलिऑक्सिस माशी कोकिळेसारखी दुसरीच्या खोलीत अंडं घालते. पण तिचं पिल्लू एका खोलीतला एकच जीव घेतं. ही भुकटी म्हणजे मेलिटोबिया, जेमतेम दीड मिलिमीटरची गांधीलमाशी. मादी फटीतून आत शिरते आणि पूर्ण वाढलेल्या अळीवर अंडी घालते. एका अळीवर शंभराच्या वर पोसली जातात, त्यात नर मोजके आणि आंधळे. माद्या फारशा उडत नाहीत, चालत शेजारच्या खोलीत जातात. उबेत दोन-तीन आठवड्यांत पुढची पिढी तयार.

आणि मी साठ कांड्या एकाला एक चिकटवून, उबदार खोलीत, एकाच डब्यात ठेवल्या होत्या. पाऊस, मुंग्या, पक्षी यांपासून जपायच्या म्हणून.

वरिष्ठ म्हणाले, सगळं जाळा. मी ऐकलं नाही. टेबलावर पांढरा कागद, ब्लेड, ओला ब्रश, साबणाच्या पाण्याची ताटली आणि वर दिवा. कॅनडात ल्युसर्नच्या (लसूणघासाच्या) बियाण्यासाठी याच जातकुळीची माशी पाळतात. तिथे कोष ३० अंशांवर उबवतात, परजीवी किडे माशीच्या आधी बाहेर येतात, तेव्हा दिव्याखाली पाण्याचे ट्रे ठेवून त्यांना मारतात. त्यावरूनच ताटली सुचली. कांडी चिरायची, विडी हातात तोलायची. हलकी लागली की समजायचं, आतल्या अळीचं कातडं उरलंय आणि त्यावर रव्यासारखे कोष.

रात्री दहापर्यंत एकोणीस कांड्या चांगल्या म्हणून वेगळ्या काढल्या. प्रत्येक वेगळ्या परीक्षानळीत, तोंडाला घट्ट कापूस. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या सहा नळ्यांत भुकटी दिसली. मी हातात तोलल्या तेव्हा अळी भरलेली होती, अंडी मात्र घातली गेली होती. वरिष्ठांचं ऐकलं असतं तर उरलेल्या तेराही गेल्या असत्या, हे खरं. पण मी त्या उघडत बसलो तेव्हा किती माद्या टेबलाखाली, फटीत पळाल्या, याचा हिशेब मला आजही लागत नाही.

गेटपाशी पाहुण्यांना दाखवायला 'बी हॉटेल', म्हणजे अशा माश्यांसाठीचं घर, उभं आहे. भोकं पाडलेला जाड ओंडका, उघडता येत नाही, वर्षानुवर्षं तोच. मेलिटोबिया तिथूनच आली असावी असा मला दाट संशय आहे. तीनदा सांगितलं, हलवा. फोटोला बरं दिसतं, म्हणतात.

कांड्या तोडून देणाऱ्या मावशींनी त्या रात्री विचारलं होतं, "बांधावरच राहू दिल्या असत्या तर?"

यंदा अर्ध्या जुड्या बांधावरच आहेत. पाच-पाचच्या, नव्या कांड्यांच्या, एकमेकींपासून वीस पावलांवर. कालपर्यंत सात तोंडं पानानं बंद झाली.