फोनच्या जोरावर चालणारा लॅपटॉप

लॅपडॉकमध्ये स्वतःचा प्रोसेसर नसतो. पडदा, कीबोर्ड, टचपॅड आणि बॅटरी एवढाच त्याचा पसारा, बाकी सारे काम यूएसबी-सी केबलने जोडलेला फोन करतो. मोटोरोलाने २०११ मध्ये ॲट्रिक्स या फोनसोबत असा डॉक बाजारात आणला होता, पण माझ्या मते या कल्पनेला खरे बळ मिळाले ते २०१७ मध्ये सॅमसंगचे डेक्स, म्हणजे फोन मोठ्या पडद्यावर संगणकासारखा वापरू देणारी सोय, आल्यावर. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी याच जोडणीवर लेख तपासतो. डाव्या खिडकीत मजकूर आणि उजवीकडे शब्दकोश उघडा असला, की वेगळ्या संगणकाची उणीव मुळीच भासत नाही, शिवाय डॉकच्या बॅटरीवर फोनही चार्ज होत राहतो. मात्र खरेदीपूर्वी आपल्या फोनच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जाते का, हे अवश्य तपासावे, कारण अनेक स्वस्त फोनांत ती सोय नसते.