सिलोमच्या गल्लीतली सोम ताम

बँकॉकला उतरल्यावर आम्हाला पहिलं जेवण मिळालं ते पनीर बटर मसाला, जिरा राइस, पिवळी डाळ आणि गुलाबजाम. रात्री तेच, फक्त गुलाबजामऐवजी फ्रूट सॅलड. पट्टायात तेच. कोरल बेटावरून ओल्या कपड्यांनी परत आलो, तेव्हाही तेच. परदेशातही घरचं जेवण, अशी सहल कंपनीची जाहिरात असते. आमच्या महिला सहलीतल्या बऱ्याच जणींना त्याचा आधार होता हे मला मान्य आहे. सत्तरी ओलांडून पहिल्यांदा देशाबाहेर पडलेल्या आजींना अनोळखी ताटापुढे बसवू नये. पण या शहराच्या गल्लीगल्लीत सकाळपासून कुणी ना कुणी काहीतरी परततंय, भाजतंय, कुटतंय. त्यातून रोज एसी बसने जायचं आणि त्यातला एकही वास आत येऊ द्यायचा नाही, याचा मला मनापासून राग येत होता.

मी मालवणकडची, मासे खाणारी. सोबत माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या, मी त्यांना वहिनी म्हणते. वहिनींनी माळ घातलेली आहे, त्यामुळे मासे-मटण तर सोडाच, अंडंही त्यांना चालत नाही. हे रोजचं पंजाबी जेवण निदान त्यांच्या तरी सोयीचं असायला हवं होतं. पण पट्टायातल्या एका हॉटेलात 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी लावलेल्या टेबलावर वाढप्याने चिकनमधला डाव सरळ डाळीत बुडवलेला त्यांनी स्वतः पाहिला. विचारलं तर "सेम ग्रेव्ही मॅडम, नो प्रॉब्लेम" असं हसून सांगितलं. वहिनी वाद घालणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी ताट सारलं, खोलीवर जाऊन राजगिऱ्याचा लाडू खाल्ला आणि त्यानंतर प्रत्येक जेवणाला केळी आणि दह्यावर राहिल्या. महिनोन् महिने पैसे साठवून आलेल्या बाईने परदेशात केळी खाऊन दिवस काढायचे, हे मला पाहवत नव्हतं.

शेवटच्या दिवशी सगळा ग्रुप रत्नांच्या शोरूममध्ये जाणार होता. आम्ही दोघींनी नाही म्हणून सांगितलं. हॉटेल बँकॉकच्या सिलोम भागात होतं आणि वहिनींना तिथलं मरीअम्मनचं देऊळ पाहायचं होतं. सिलोम रस्ता आणि पान रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावर एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या तमिळ लोकांनी ते बांधलं. आत गेलो तर आपल्यापेक्षा थाई माणसंच जास्त. झेंडूच्या माळा हातात धरून गणपतीपुढे गुडघे टेकून बसलेली. वहिनींना फार बरं वाटलं. बाहेर आलो तेव्हा बारा वाजत होते.

बाराच्या सुमाराला सिलोमच्या कचेऱ्या रस्त्यावर रिकाम्या होतात. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली घोळक्याने येतात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये शिरतात, कारण खाण्याच्या गाड्या तिथे असतात. आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो. कुठे खावं याचा एवढाच नियम मी पाळते: जिथे त्या गावचे नोकरदार रोज दुपारी जेवतात, तिथे जावं. पर्यटकांच्या खाओ सान रस्त्यावर विंचू काड्यांना टोचून ठेवतात आणि नुसता फोटो काढायचेही पैसे मागतात. तिथल्या माणसांच्या रोजच्या जेवणाशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि इंटरनेटवर थायलंडचं खाणं म्हणून नेमका तोच विंचू फिरतो याची मला चीड येते.

गल्लीत नूडल्सची गाडी होती, फळांची होती, कोळशावर कोंबडी भाजणारी होती. मधोमध एका बाईची सोम तामची, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीची गाडी. स्टीलची हातगाडी, वर मोठी छत्री, काचेच्या पेटीत सोललेल्या हिरव्या पपया, टोमॅटो, लिंबं, चवळीच्या लांब शेंगा, भाजलेले शेंगदाणे, लसूण, बोटाच्या पेरापेक्षाही लहान लाल-हिरव्या मिरच्या. आणि एका डब्यात सोडे! हो, आपले वाळवलेल्या कोलंबीचे सोडेच, जरा बारीक. शेजारी खारवलेल्या काळ्या लहान कुर्ल्या आणि एका बरणीत तपकिरी, दाट प्ला रा. गोड्या पाण्यातले मासे मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात महिनोन् महिने मुरवून ते करतात. पुढे मातीचं खोल उखळ आणि लाकडी मुसळ. एका हाताने मुसळ, दुसऱ्या हातातल्या मोठ्या चमच्याने तळातलं वर. त्या ठोक्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता.

बसायला प्लॅस्टिकची स्टुलं. आमच्या टेबलावर एक कचेरीतली मुलगी आधीच बसली होती, तिला बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं. गाडीवालीला ती 'पा' म्हणत होती, म्हणजे मावशी. मीही इथे तिला मावशीच म्हणते. मी त्या मुलीला सांगितलं, एक सगळं घालून, आणि एक मासे, सोडे, कुर्ल्या, फिश सॉस यातलं काहीही न घालता.

तिने ते मावशीला सांगितलं. मावशीने वहिनींकडे पाहिलं, त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं, मग उखळाकडे पाहिलं आणि ठामपणे मान हलवली. नाही.

मला वाटलं, दुपारच्या गर्दीत वेगळं काही करायला वेळ नसेल. पण त्या मुलीने मावशीचं म्हणणं नीट समजावून सांगितलं. या उखळात सकाळपासून कुर्ल्या आणि प्ला रा कुटलंय. उखळ मातीचं आहे, सगळं आत शोषून घेतं. धुऊन वरवर स्वच्छ दिसेल, पण यातलं मी त्यांना देणार नाही.

रांगेत माणसं उभी होती. नुसतं पाण्याने विसळून तिने आम्हाला एक बशी सहज दिली असती. आम्हाला कळलंही नसतं. पाटी लावलेल्या हॉटेलात जे कुणी सांगितलं नाही, ते रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईने पैसे सोडून सांगितलं. वहिनींना इंग्रजी फारसं कळत नाही, पण हे त्यांना कुणी सांगावंच लागलं नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि उठायला लागल्या.

मावशीने हातानेच खूण केली, बसा.

तिने गाडीच्या खालच्या कप्प्यातून स्टीलचा एक वाडगा काढला. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीने तो आणि सुरी दोनदा विसळून आमच्या समोर धरला. मग लसूण आणि मिरच्या सुरीच्या पात्याने फळीवर चिरडल्या, तीही फळी उलटी करून, कोऱ्या पिशवीवर. शेंगदाणे एका नव्या पिशवीत बांधून बाटलीच्या बुडाने ठेचले. फिश सॉस नाही म्हटल्यावर खारटपणा कुठून आणायचा? शेजारच्या नूडल्सवाल्याला हाक मारून तिने सोया सॉसची न फोडलेली बाटली मागवली. ताडगूळ घातला, लिंबू पिळलं, शेंगा हातानेच मोडल्या, टोमॅटो दाबून त्याचा रस सोडवला. शेवटी पपई. डाव्या हातात अख्खी पपई धरून तिच्यावर सुरीचे पटापट घाव घालायचे आणि मग वरचा थर तासायचा, की लांब, कुरकुरीत काड्या पडतात. मुसळाऐवजी दोन चमच्यांनी दाबून दाबून तिने ते सगळं एकजीव केलं.

आणि मग, ज्यासाठी मी हे लिहायला बसले, ते झालं. तिने चमच्यात चार काड्या आणि थोडा रस घेतला आणि वहिनींपुढे धरला. चाखा.

वहिनींनी चाखलं. जरा थांबल्या. मग बोटांनी लिंबू पिळल्यासारखं केलं. मावशीने अर्धं लिंबू पिळलं, पुन्हा चमचा पुढे. वहिनींनी तर्जनीवर अंगठा घासला, चिमूटभर मीठ. ते घातलं, पुन्हा चमचा. या वेळी वहिनींनी मान डोलावली. मावशीनेही डोलावली आणि मगच ते बशीत आलं.

"घरीसुद्धा मला कुणी असं विचारत नाही गं," वहिनी म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. घरात लग्न असो, गणपती असो, पहिला घास पडायच्या आधी मीठ-तिखट वहिनींनीच पाहायचं, असा आमच्याकडचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. सगळ्यांसाठी चव पाहणाऱ्या बाईला तिच्या ताटासाठी विचारलं गेलं ते एका परक्या देशात, रस्त्याकडेला.

पुढे समजलं की हे काही आमच्यासाठी खास नव्हतं. त्या गल्लीतलं प्रत्येक गिऱ्हाईक मिरच्या किती हे आधी सांगत होतं, कुणाला एक, कुणाला पाच. कुणाला गोड कमी, कुणाला प्ला रा जास्त. जो तो उखळाजवळ येऊन आधी चाखत होता. बँकॉकच्या गाडीचं मोल स्वस्तपणात मोजणाऱ्यांना मला हे सांगायचं आहे. मोठ्या रेस्टॉरंटमध्ये आचारी दारामागे असतो, आणि त्याने ठरवलेली चव तुम्ही मुकाट्याने खायची. इथे जेवण तुमच्याशी बोलत बोलत तयार होतं.

माझी बशी उखळातली होती, कुर्ल्या आणि प्ला रासकट. वासाला उग्र, सुकट भाजताना येतो तसा घर भरून टाकणारा. ज्यांना सुकटीचा वास नकोसा होतो त्यांनी सोडे-शेंगदाण्याची साधी सोम ताम मागावी, तीही उत्तम असते. मला मात्र तो वास ओळखीचा होता. पहिला घास आंबट, लगेच ताडगुळाची गोडी, मग मुरलेल्या माशाचा खोल खारटपणा, आणि हे सगळं नीट कळतंय तोवर मिरची. कानशिलं तापली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात थांबेना. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकट भात, शेजारच्या गाडीवरची भाजलेली कोंबडी, आणि कच्च्या कोबीचा मोठा तुकडा, जो फुकट मिळतो आणि तिखटाला खरा उतारा आहे. भात बोटांनी चिमटून गोळी करायची, रसात बुडवायची, खायची. हाताने जेवायची मोकळीक मिळाल्याने आम्ही दोघी इतक्या सुखावलो की शेजारची मुलगी हसायला लागली आणि तिनेही चमचा ठेवला. दोन बशा, भात आणि कोंबडी मिळून २०० बाटसुद्धा झाले नाहीत.

मावशी मूळची इसानची, थायलंडच्या ईशान्येकडची, मेकाँग नदीच्या आणि लाओसच्या बाजूची. सोम ताम तिकडचीच. शेती बेभरवशाची म्हणून तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या बँकॉकला टॅक्सी चालवायला, इमारती बांधायला, खाण्याच्या गाड्या लावायला येत आली, आणि त्यांच्याबरोबर हे उखळही आलं. गंमत म्हणजे पपई, मिरची, शेंगदाणा, टोमॅटो हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी गोव्यात आणली. वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग त्याआधी लोक काय खायचे?" आणि दुसरी पिशवी भात मागितला.

या गाड्या अशाच राहतील असं समजू नका. २०१७ च्या एप्रिलमध्ये बँकॉकच्या प्रशासनाने फुटपाथ मोकळे करण्यासाठी गाड्या हटवण्याची मोहीम जाहीर केली, आणि जगभर ओरड झाल्यावर याओवारात (बँकॉकचं चायनाटाउन) आणि खाओ सान या रस्त्यांवरच्या राहतील असा खुलासा केला. सुखुमवित रस्त्याच्या सोई ३८, म्हणजे ३८ नंबरच्या गल्लीतल्या प्रसिद्ध गाड्या त्याआधीच इमारतींसाठी उठल्या होत्या. आणि त्याच २०१७ च्या डिसेंबरात रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशेलिनची पहिली बँकॉक यादी आली, त्यात गॉगल लावून कोळशाच्या आचेवर खेकड्याचं ऑम्लेट करणाऱ्या जे फाय यांच्या साध्या दुकानाला तारा मिळाला. एकीकडे रस्त्यावरच्या खाण्याच्या नावाने जगाला बोलवायचं आणि दुसरीकडे रस्त्यावरून तेच उठवायचं, हे मला पटत नाही. चालायला जागा हवी हे खरं, मुंबईकराला ते वेगळं सांगायला नको. पण पर्यटकांच्या दोन रस्त्यांपुरत्या गाड्या ठेवल्या तर सिलोमच्या त्या मुलीने दुपारी जेवायचं कुठे? मी तिला विचारलं. ती म्हणाली, मॉलच्या तळघरात, दुप्पट पैसे देऊन. आणि मावशी? ती गाडी ढकलत पुढच्या गल्लीत जाईल. आधीही एकदा गेली होती.

माळकरी किंवा शाकाहारी असाल तर पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरात 'जे' लिहिलेलं असतं, तिथे मासे, मांस, अंडी, दूध काही नसतं. ती खूण सहल कंपनीने पहिल्याच दिवशी दाखवायला हवी होती. आम्हाला ती त्या मुलीने दाखवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळाची बस यायची होती. मी बॅगा बांधत होते आणि वहिनींचा पत्ता नव्हता. आठवडाभर ग्रुप सोडून एक पाऊल न टाकणारी बाई एकटीच खाली उतरून गल्लीत गेली होती. आली ती हातात केळीच्या पानाची गरम पुडी घेऊन. आत खानोम क्रोक, नारळाच्या दुधातले, आपल्या आप्पेपात्रासारख्या लहान खळग्यांच्या लोखंडी भांड्यात भाजलेले, कडेला कुरकुरीत आणि मध्ये लुसलुशीत.

"यात काही नाही ना, विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारलं. तिने पीठ दाखवलं, नारळ दाखवला. आधी एक चाखून पाहिला, मग पैसे दिले. घे, गार व्हायच्या आत खा."