आजची नोंद: डॉगटॅगचे पोर्ट

डॉगटॅग पीकेआय म्हणजे डिजिटल प्रमाणपत्रं देणारी आणि रद्द करणारी प्रणाली; ती टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर चालते. तिच्या सर्व्हरला मुळात चार पोर्ट लागतात: साध्या एचटीटीपीसाठी ८०८०, टीएलएससाठी (कूटबद्ध जोडणीसाठी) ८४४३, एजेपीसाठी (पुढचा वेब सर्व्हर टॉमकॅटशी बोलतो त्या प्रोटोकॉलसाठी) ८००९ आणि टॉमकॅट बंद करायला ८००५. सगळी काळजी ८४४३ च्या वाट्याला येते. मला ८०८० ची जास्त वाटते.

प्रमाणपत्र रद्द झालंय का, हे क्लायंट ओसीएसपी या सेवेला विचारतो. तिचा पत्ता प्रमाणपत्राच्या आतच असतो. प्रोफाइलमध्ये, म्हणजे प्रमाणपत्राच्या साच्यात, वेगळा पत्ता दिला नसेल, तर सर्व्हरचं नाव आणि हा साधा पोर्ट जोडून तो तयार होतो. एकदा सही झाली की त्यातलं अक्षरही हलत नाही. पुढे कुणी ८०८० चा ९०८० केला, तरी आधी दिलेली प्रमाणपत्रं मुदत संपेपर्यंत ८०८० चंच दार ठोठावत राहतात. उत्तर आलं नाही की काही क्लायंट जोडणी नाकारतात. काही मुकाट्याने पुढे जातात, आणि रद्द केलेलं प्रमाणपत्रही चालून जातं. हा दुसरा प्रकार घातक, कारण तक्रार कुणाचीच येत नाही.

म्हणून पहिलं प्रमाणपत्र देण्याआधीच ओसीएसपीसाठी डीएनएसमध्ये स्वतंत्र नाव घ्यावं आणि प्रोफाइलमध्ये तेच, पोर्ट ८० सह, लिहावं. डॉगटॅगची सेवा रूट म्हणून चालत नसल्याने १०२४ च्या खालचा पोर्ट तिला थेट मिळत नाही. तिच्या समोर अपाची हा वेब सर्व्हर ठेवून विनंती ८०८० कडे वळवावी. इथे टीएलएसचा आग्रह नको. ओसीएसपीच्या उत्तरावर सही असतेच, शिवाय टीएलएसचं प्रमाणपत्र तपासायला पुन्हा ओसीएसपी लागेल.

८४४३ चं उलट. एजंटची, म्हणजे अर्ज मंजूर करणाऱ्या माणसाची, ओळख क्लायंट प्रमाणपत्रावरून पटते, त्यामुळे मधल्या लोड बॅलन्सरने (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेने) टीएलएस तिथेच उघडलं तर ते प्रमाणपत्र सर्व्हरपर्यंत पोचत नाही. टीसीपी जसंच्या तसं पुढे जाऊ द्यावं.

पोर्ट हाताने बदलायचा तर सेवा थांबवून टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल या फायलीतली त्या पोर्टची नोंद (कनेक्टर) बदलायची, नव्या पोर्टला एसईलिनक्सचं (लिनक्सच्या सुरक्षा नियमांचं) लेबल द्यायचं, फायरवॉलडी या फायरवॉलमध्ये तो कायमचा उघडून रीलोड करायचं. लेबल हमखास राहतं. मग लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ दिसतं आणि माणसं फायलींच्या परवानग्या तपासत बसतात. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ दिसलं तर बहुधा दुसरा टॉमकॅट ८०८० धरून बसलेला असतो.

८००९ फक्त लूपबॅकवर, म्हणजे त्याच मशीनपुरता, सीक्रेट (सामायिक गुप्त शब्द) लावूनच; टॉमकॅटमधली २०२० ची घोस्टकॅट ही सुरक्षा त्रुटी याच दारातून आली होती.


शेवटी एक चाचणी प्रमाणपत्र काढून त्यातला ओसीएसपीचा पत्ता डोळ्यांनी वाचावा, आणि सर्व्हरवरून नव्हे, दुसऱ्या नेटवर्कमधल्या मशीनवरून त्याला विचारून पाहावं.