इथर, एप्रिल आणि एक ग्रॅम सोनं

पाच फ्लोरिन अणू असलेलं बेंझिनचं वलय थेट सोन्याच्या अणूला जोडायचं, हे माझ्या पीएच.डी.तलं पहिलं काम. स्पेनमध्ये सारागोसाला राफाएल उसोन आणि आंतोनियो लागुना यांनी या संयुगांवर कित्येक वर्षं काम केलंय. त्यांच्याकडची नेहमीची रीत पेंटाफ्लोरोफिनाइल लिथियमची (म्हणजे हेच वलय लिथियमला जोडलेलं), उणे ७८ अंशांवर. हे संयुग तापलं तर लिथियम फ्लोराइड सुटून स्फोट होऊ शकतो. सोलापुरातला एप्रिल, त्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. "हे धाडस नको," माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या. मग ग्रिग्नार्डचा, म्हणजे लिथियमऐवजी मॅग्नेशियम वापरायचा, जुना रस्ता धरला.

सोनं सराफाकडूनच आणलं, चोवीस कॅरेट, एक ग्रॅम. ते बिल 'रसायने' या खात्यात बसवायला जेवढी डोकेफोड झाली, तेवढी प्रयोगात झाली नाही! फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, तुकडा विरघळवला, नायट्रिक जाईपर्यंत हायड्रोक्लोरिक घालून आटवत राहिले. मग अल्कोहोलमध्ये ट्रायफिनाइल फॉस्फीन, सोन्याच्या दुप्पट मोल. निम्मं फॉस्फीन सोन्याचा विद्युतभार अधिक तीनवरून अधिक एकवर आणतं, निम्मं त्याला चिकटतं. पिवळा रंग उडाला, पांढरा साका बसला: फॉस्फीन चिकटलेलं सोन्याचं क्लोराइड.

खरी परीक्षा इथरची, ज्या द्रावकात ग्रिग्नार्ड बनतं. ते ३४.६ अंशांना उकळतं आणि दुपारी आमची लॅब त्याहून गरम. कंडेन्सरला येणारं टाकीचं पाणीही कोमटच. म्हणून पहाटे यायचं, बादलीत बर्फ टाकून कूलरच्या छोट्या पंपाने ते पाणी फिरवायचं. मॅग्नेशियम आणि ब्रोमोपेंटाफ्लोरोबेंझिनचं द्रावण गडद तपकिरी झालं, की हवा लागू नये म्हणून नायट्रोजनखाली सोन्याच्या क्लोराइडवर थेंब थेंब सोडायचं. शेवटी जास्तीचं ग्रिग्नार्ड पाण्याने मारायचं.

फ्लोरिन इलेक्ट्रॉन ओढून घेतात, त्यामुळे सोनं-कार्बन बंध पक्का राहतो. तयार झालेली पांढरी पूड हवेतही टिकते, म्हणून साध्या कुपीत भरून कुरियरने एनएमआरला (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल टिपणाऱ्या तपासणीला) बाहेरगावी पाठवता आली. निसर्गातला सगळा फ्लोरिन एकाच समस्थानिकाचा, फ्लोरिन-१९, त्यामुळे सिग्नल ठसठशीत येतात. उणे ११६, १५८ आणि १६२ पीपीएमच्या (सिग्नलची जागा सांगणारं एकक) आसपास तीन, प्रमाण दोन-एक-दोन, म्हणजे वलयावरचे पाचही फ्लोरिन. शिवाय उणे १३९जवळ एक आगंतुक. मॅडमनी बघताक्षणी ओळखला: पेंटाफ्लोरोबेंझिन, पाण्याने मारलेल्या ग्रिग्नार्डचं उरलंसुरलं. ते ८५ अंशांना उकळतं. पूड रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवली. पुढच्या स्पेक्ट्रममध्ये तो सिग्नल नव्हता.