पॅकेटच्या वाटेनं लेहला

लेहला निघायच्या आदल्या दिवशी नातीला दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात घेऊन गेलो. हँगरमध्ये शिरल्याबरोबर ती वापिटी, हरिकेन, नॅट अशा एकेका विमानाची पाटी वाचत पुढे निघाली आणि स्पिटफायरपाशी रेंगाळली. तिथे सगळेच रेंगाळतात, ते विमान आहेच तसं देखणं. माझं लक्ष मात्र बाहेर उघड्यावर उभ्या असलेल्या एका थोराड मालवाहू विमानाकडे होतं. फुगीर पोट, दोन्ही इंजिनांच्या मागे निघालेल्या दोन लांबलचक दांड्या आणि त्या जोडणारी आडवी शेपटी. कागदोपत्री त्याचं नाव फेअरचाइल्ड सी-११९ जी. हवाई दलात आम्ही त्याला पॅकेटच म्हणायचो.

मी भारतीय हवाई दलात वाहतूक विमानांचा वैमानिक होतो. लढाऊ वैमानिकांबद्दल बरंच लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण ज्या विमानांनी वर्षानुवर्षं पीठ, रॉकेल, औषधं, दारूगोळा आणि माणसं पोचवून लडाखच्या चौक्या तगवल्या, त्यांच्याबद्दल मराठीत फार थोडं वाचायला मिळतं. लेहचा प्रवास नातीसाठी ठरला होता, पण ती वाट माझ्या ओळखीची होती. तिच्याबद्दल सांगायला हवं, असं फार दिवस मनात होतं.

पॅकेट १९५४ पासून आपल्याकडे आलं. त्याची राइट कंपनीची दोन इंजिनं म्हणजे प्रत्येकी अठरा सिलिंडरांचा पसारा. थंडीच्या पहाटे चंदीगडला ती सुरू करणं हे वेगळंच काम असे. इंजिन रात्रभर उभं राहिलं की खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं. तसंच सुरू केलं तर आतला दांडा वाकतो. म्हणून आधी पंख्याची पाती सावकाश फिरवून घ्यायची. मग एखादा सिलिंडर पेटायचा, दुसरा नाही, निळसर धुराचा लोट मागे जायचा आणि सगळे सिलिंडर लयीत आले की विमानाची थरथर बदलायची. ती थरथर आसनातून पाठीच्या कण्यापर्यंत पोचायची. फ्लाइट इंजिनिअर घड्याळांकडे बघून बोलायच्या आधीच इंजिन खूश आहे की नाराज, हे आम्हाला कळलेलं असे.

या विमानाच्या पाठीवर, पंखाच्या वर मधोमध, एक लहान जेट इंजिन बसवलेलं असायचं. ही जोड आपल्याकडे दिली गेली. इंजिन होतं ऑर्फियस, म्हणजे नॅट विमानाच्या इंजिनाच्याच घराण्यातलं. पॅकेट तयार करताना कुणी हिमालयाचा विचार केलेला नव्हता. विरळ हवेत दोन पिस्टन इंजिनं कमी पडू लागली, तेव्हा हा तिसरा हात देण्यात आला. उड्डाणाच्या वेळी ते पेटवलं की डोक्यावर कानठळ्या बसवणारा आवाज आणि पाठीला एक ठाम धक्का. नातीला ते इंजिन खालून दाखवलं. ती म्हणाली, "आजोबा, हे तर नंतर चिकटवल्यासारखं दिसतंय." नंतरच बसवलं होतं, आणि त्याच्या जोरावर कितीतरी माणसं सुखरूप घरी परतली.

तिथलं डकोटा हे जुनं वाहतूक विमान पाहून आम्ही हॉटेलवर परतलो. डकोटाबद्दल इतकंच सांगतो, की पावसात त्याच्या काचांच्या फटींतून पाणी गळायचं आणि ते थेट मांडीवर पडायचं. ज्यांनी ज्यांनी ते विमान चालवलं, त्या सगळ्यांच्या गप्पांत हे पाणी येतंच. तरीही इतकं क्षमाशील विमान मला पुन्हा मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान होतं. लेहची नागरी विमानं सकाळीच का जातात, असं नातीनं विचारलं. दुपार झाली की सिंधूच्या खोऱ्यात पश्चिमेकडून जोराचा वारा सुटतो, आणि लेहला उतरतात ते साधारणपणे पश्चिमेकडून येऊनच. म्हणजे वारा पाठीवर घेऊन उतरावं लागतं आणि विमान थांबायला जास्त धावपट्टी लागते. शिवाय ऊन चढलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते. आम्हीही अंधारात उठून, उजाडता उजाडता चंदीगड सोडायचो ते याचसाठी.

तिला खिडकीशी बसवलं आणि तिच्या खांद्यावरून मी बघत राहिलो. आजचं जेट तीस हजार फुटांच्या वरून जातं. एवढ्या उंचीवरून हिमालय पांढऱ्या-करड्या सुरकुत्यांचा दिसतो, एक शिखर दुसऱ्यासारखंच. आमच्या वेळी असं नव्हतं. सामानानं लादलेलं पॅकेट डोंगरांवरून ऐटीत जात नसे, डोंगरांमधून वाट काढत जाई. बिआसचं खोरं धरून कुलूपर्यंत, मग रोहतांग, मग लाहौल, मग बारालाचा खिंड. दोन्ही बाजूंना कडे दिसायचे, आणि ते आपल्याहून उंच असायचे. ढग खाली आले की समोरचं खोरं खरं कुठलं आणि आंधळं कुठलं, हे ओळखता यायलाच हवं. आंधळ्या खोऱ्यात शिरलं की पुढे भिंत येते आणि वळायला जागा उरत नाही. म्हणून नवा वैमानिक बरेच दिवस जुन्याच्या शेजारी बसून फक्त बघायचा. हा सुळका डावीकडे ठेवायचा, तो हिमनदीचा पट्टा दिसला की वळायचं, इथे ढग असतील तर मुकाट्यानं परत फिरायचं. नकाशे होते, पण ही ओळख नकाशातून येत नसे. ती एका वैमानिकाकडून दुसऱ्याकडे तोंडी जायची. आजच्या पडद्यांवर सगळं दिसतं आणि त्यानं माणसं वाचतात, याचा मला आनंदच आहे. पण ती तोंडी विद्या आता ज्यांच्याकडे आहे ते सगळे म्हातारे झाले आहेत, आणि ती लिहून ठेवायला हवी असं मला फार वाटतं.

रोहतांगच्या आसपास आलो तसा मी गप्प झालो. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एक एएन-१२ मालवाहू विमान या भागात नाहीसं झालं. त्यात १०२ माणसं होती. पुढे हवामान वाईट होतं म्हणून वैमानिकानं परत फिरायचा निर्णय घेतला. निर्णय योग्य होता, या वाटेवर प्रत्येकाला तोच शिकवलेला असे. तरी विमान परतलं नाही. पस्तीस वर्षं काहीच हाती लागलं नाही. २००३ मध्ये गिर्यारोहकांच्या एका तुकडीला लाहौलच्या हिमनदीवर अवशेष दिसले, आणि त्यानंतर बर्फ थोडं थोडं परत देत राहिलं. २०२४ मध्ये आणखी चार जणांचे देह मिळाले. छप्पन्न वर्षांनी एखाद्या घरी निरोप जातो, आणि तो घ्यायला तेव्हाची कोण माणसं उरलेली असतील? मी पुढे एएन-१२ देखील चालवलं. रोहतांग ओलांडताना कॉकपिटमध्ये कुणी त्या विमानाचं नाव काढत नसे, पण सगळ्यांच्या मनात ते असायचं.

नातीला यातलं थोडंच सांगितलं. तिनं खिडकीतून खाली बघत विचारलं, "एवढ्या बर्फात शोधायचं तरी कुठून?" मलाही सांगता आलं नाही.

उतरण सुरू झाली. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १०,७०० फुटांवर आहे. या उंचीवर हवेची घनता खालच्या मानानं पाऊणपटीहून कमी असते. याचा वैमानिकाला अर्थ असा, की वेगाच्या काट्यावर १०० नॉट दिसत असतील तर विमान प्रत्यक्षात जवळजवळ १२० नॉटनं जात असतं. वळणं मोठी होतात, थांबायला वेळ लागतो, आणि थ्रॉटल पुढे ढकलला तरी इंजिनाकडून हवा तेवढा जोर मिळत नाही. त्यात लेहची धावपट्टी पूर्वेकडे चढत जाते. चढती धावपट्टी डोळ्यांना फसवते. आपण फार उंचावर आहोत असं वाटतं आणि हात आपोआप विमान खाली न्यायला बघतो. स्पितुकच्या गोम्पाची, म्हणजे बौद्ध मठाची, टेकडी बाजूला येते आणि एका ठरावीक जागेच्या पुढे परत वर उठायची सोय उरत नाही, कारण समोर डोंगर आहेत. त्या जागेच्या आत मन पक्कं करायचं. आमच्या तरुण वैमानिकानं विमान फार सुरेख टेकवलं. उतरताना मी त्याला तसं सांगितलं आणि तो खुलून हसला.

पहिले दोन दिवस विश्रांती सक्तीची. विमानानं थेट येणाऱ्यानं ती घ्यावीच. माझ्या वयाला तर दुसरा पर्यायच नव्हता. तिसऱ्या दिवशी स्पितुकला चढलो, दर दहा पायऱ्यांना थांबत. गोम्पाच्या गच्चीवरून सिंधू, जवाचे हिरवे तुकडे आणि अख्खी धावपट्टी दिसते. विमानतळ लष्करी आहे, त्यामुळे कॅमेरा खिशातच ठेवायचा.

इथे बसून नातीला २४ मे १९४८ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहला पहिलं डकोटा उतरवलं. टोळीवाले लेहच्या दिशेनं येत होते आणि शहर वाचवायला पुरेसे सैनिक नव्हते. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्यानं गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूकाठच्या वाळूत एक पट्टी तयार करून घेतली. यंत्रं नव्हती, दिशा दाखवणारा रेडिओ नव्हता, वाटेचे भरवशाचे नकाशे नव्हते. डकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय मुळातच नसते, आणि ते विमान त्यांनी या डोंगरांपलीकडे आणलं. शेजारी मेजर जनरल थिमय्या बसले होते. आपला सेनापती स्वतः विमानात आहे म्हटल्यावर मागून येणाऱ्यांना वेगळं सांगावं लागलं नसेल. मी डकोटा चालवलेलं आहे, त्या यंत्राची ताकद मला माहीत आहे, म्हणून हे धाडस केवढं होतं ते मी छातीठोकपणे सांगू शकतो.

दुसरी गोष्ट पॅकेटची, आणि ती सांगायलाच मी लेहला आलो होतो असं म्हटलं तरी चालेल. काराकोरम खिंडीच्या दक्षिणेला दौलत बेग ओल्डी नावाची जागा आहे. उंची १६,६१४ फूट. हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्के. तिथे डांबरी धावपट्टी नव्हती, होतं ते दाबून सारखं केलेलं उघडं मैदान. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तिथे पॅकेट उतरवलं. एवढ्या उंचीवर त्याआधी कुणी विमान उतरवलेलं नव्हतं. उतरणं जितकं अवघड, त्याहून अवघड पुन्हा उठणं. उतरताना चूक झाली तर ती निदान लगेच कळते. उठताना विमान धावत राहतं, धावत राहतं, वेग हळूहळू वाढतो, मैदान संपत येतं, आणि ते जमीन सोडेल की नाही हे शेवटच्या क्षणापर्यंत ठरत नाही. अशा वेळी पाठीवरचं ते चिकटवल्यासारखं इंजिन काय मोलाचं असेल, हे नातीला आता नीट समजलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी चीनशी युद्ध पेटलं. एएन-१२ विमानांनी लडाखमधल्या चुशूलला एएमएक्स-१३ रणगाडे उतरवले. रणगाडा विमानातून, तेही चौदा हजार फुटांवर, असं ऐकून नातीचा विश्वास बसेना. दौलत बेग ओल्डीला पॅकेट १९६६ पर्यंत जात राहिली. मग भूकंपानं तिथली जमीन भुसभुशीत झाली आणि विमानं थांबली. ३१ मे २००८ रोजी हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान तिथे उतरलं, २०१३ मध्ये त्याहून मोठं सी-१३० जे. त्या दोन्ही बातम्या ऐकल्या तेव्हा मला आधी राजेंचं नाव आठवलं. हे आडनाव मराठी कानाला परकं नाही, तरी आपल्याकडे दहा जणांना विचारलं तर एकालाही ते ठाऊक नसतं. शाळेच्या पुस्तकात या उड्डाणावर एक धडा असावा असं मला मनापासून वाटतं, आणि ज्यांच्या हातात ते आहे त्यांनी यावर विचार करावा.

आम्ही बोलत असताना खाली एक एएन-३२ उड्डाणाला निघालं. लेहहून निघताना विमानं बहुधा उताराच्या दिशेनं, पश्चिमेकडे धावतात, म्हणजे वेग लवकर मिळतो आणि पुढे खोरं मोकळं असतं. ते स्पितुकच्या बाजूनं गेलं तेव्हा इंजिनांच्या आवाजावरून ते बरंच हलकं असावं, असं मी म्हणालो. नातीनं मग तास-दीड तास सोडलंच नाही. रिकामं आणि भरलेलं विमान आवाजावरून कसं ओळखायचं, पंख्याच्या पात्यांचा कोन कशासाठी बदलतात, बर्फात जवानांसाठी टाकलेलं सामान नेमकं कसं पडतं. मागचे दरवाजे काढून उडायचं, ड्रॉप झोन, म्हणजे सामान टाकायची जागा, आली की इशाऱ्याची घंटा, आणि हवेत टाकायच्या सामानावर लष्कराची जी तुकडी नेमलेली असे तिचे जवान ऑक्सिजनचे मुखवटे लावून, उणे तापमानात, उघड्या दाराशी उभे राहून गठ्ठे ढकलायचे. वैमानिकाचं नाव नोंदवहीत राहतं. त्या जवानांचं फारसं कुठे राहिलं नाही, म्हणून त्यांचा उल्लेख इथे मुद्दाम करतो.

खाली उतरताना तिनं विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा कुठलं विमान चालवलंत?" एचटी-२. आपल्याच देशात तयार झालेलं, १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, पुढे-मागे दोन आसनांचं छोटं शिकाऊ विमान. त्याची रचना केली ती डॉ. वि. म. घाटगे यांनी. माणूस कोल्हापूरकडचा, जर्मनीत गटिंगनला प्रांटल या नामवंत वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला. एचटी-२ चं छोटं चाक शेपटीखाली असे, त्यामुळे उतरल्यावर जरा लक्ष ढळलं की ते गर्रकन स्वतःभोवती फिरायला बघायचं. पायांना कायम जागं ठेवणारं विमान. पुढे डकोटाला तेच पाय उपयोगी पडले. पालमला तिनं ते पाहिलं होतं, पण स्पिटफायरच्या नादात घाईघाईनं. आता बंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात ते नीट बघायचं ठरलं आहे, तिची सहामाही परीक्षा झाली की लगेच.