डब्याची व्याख्यानं

जुलैचा दुसरा आठवडा लागला की अजूनही मला हजेरीची वही शोधावीशी वाटते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी. 11 जुलै हा जागतिक लोकसंख्या दिन. 1987 साली त्या दिवशी जगाची लोकसंख्या 500 कोटींवर गेली असं धरतात. वाशीच्या आमच्या विभागात तो आठवडाभर रोज दुपारी एक ते दोन व्याख्यान असायचं. आपापला डबा आणायचा, पाहुण्यांचं जेवण विभागाकडे. पत्रिकेवर काहीतरी भारदस्त नाव छापलेलं असे, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे 'डब्याची व्याख्यानं'च म्हणायचे.

शाल-श्रीफळाबद्दल लिहीत नाही. समई विझू नये म्हणून पंखे बंद करायचे आणि प्रास्ताविक लांबायचं, एवढंच आठवतं.

पाहुणे बरेचदा देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेतून यायचे. 1956 सालापासूनची ही संस्था, गोवंडीहून वाशी दोनच स्टेशनं. कुर्ल्याला रुळांवर पाणी असलं तरी पाहुणे वेळेवर हजर, आणि आमचे वरच्या मजल्यावरचे सहकारी मात्र 'पाऊस होता हो' म्हणणारे! समोसे असले की याच मंडळींना पाऊस लागत नसे. साठ खुर्च्या मांडायच्या आणि वहीत सह्या एकोणीस. अहवालात 'मोठ्या संख्येने उपस्थिती' लिहा, असं एकदा मला सांगण्यात आलं. लोकसंख्येच्या व्याख्यानाला तरी संख्या खरी असावी म्हणून मी एकोणीसच लिहिलं. ते काही जणांना फार लागलं. लागू दे.

खरं सांगायचं तर मोठ्या प्राध्यापकांपेक्षा मला आकडे गोळा करून आणणाऱ्यांची व्याख्यानं आवडायची. 2011 च्या जनगणनेनंतरच्या जुलैत आम्ही महापालिकेच्या शाळेतल्या एका बाईंना बोलावलं होतं. प्रगणक म्हणून त्यांनी घरोघर फिरून काम केलेलं. आदल्याच दिवशी एका सरांनी पडद्यावर वयांचा आलेख दाखवला होता. तीस, पस्तीस, चाळीस अशा वयांवर उंच सुळके, मधे खड्डे, अगदी कंगव्यासारखा. लोक वय शून्यावर नाहीतर पाचावर आणून सांगतात. ते मोजायला व्हिपल निर्देशांक असतो. 100 आला तर सगळं ठीक, 500 आला तर सगळ्यांचीच वयं शून्यावर किंवा पाचावर संपणारी.

बाई उभ्या राहिल्या त्या थेट त्या सरांकडे बघत. "सर, तुमच्या कंगव्याचे दात आम्हीच पाडून आणतो."

मग त्यांनी दिवाळे गावातल्या आजींची गोष्ट सांगितली. वय विचारलं तर आजी म्हणाल्या, "लिही साठ." बाईंनी विचारलं, "कोयनेचा भूकंप आठवतो?" आजींना आठवत होता. थोरला तेव्हा अंगावर पीत होता. भूकंप 1967 चा. लग्न कधी, थोरला लग्नानंतर किती वर्षांनी, असं करत करत बाई चौसष्टपर्यंत आल्या. तोवर आजींनी सुकट निवडून संपवली होती. बाहेर सून म्हणाली, "एका म्हातारीला एवढा वेळ?"

28 फेब्रुवारीच्या रात्रीबद्दल त्या हळू आवाजात बोलल्या. बेघर माणसं त्या एका रात्रीत मोजायची असतात. पुलाखाली चादरी ओढून झोपलेली माणसं. "उठवलं तर शिवी, नाही उठवलं तर तो माणूस देशातच नाही." सरांच्या हातातला चमचा तसाच राहिला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या एक कोटी दहा लाख भरली, देशातल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. पालघर त्यात होता, तो 2014 साली वेगळा झाला. हा आकडा मी त्याआधीही ऐकला होता, पण तो चपला झिजवून आणलेला आहे हे त्या दुपारी कळलं.

चहा घेऊन कॅन्टीनमधला पोरगा आला. बाईंनी सहज विचारलं, "वय किती रे?" "अठरा," तो चटकन म्हणाला. मिसरूडही फुटलेलं नव्हतं. बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हा सुळका व्हिपलमध्ये दिसत नाही." कोणी हसलं नाही.

आता माणसांची नावं घेण्यापेक्षा कामं सांगते, म्हणजे रुसवे नकोत. प्रोजेक्टर डोक्यावर प्लास्टिक धरून आणणारे शिपाईमामा. पाहुण्यांसाठी घरून भाकरी आणि भरलं वांगं आणणाऱ्या ग्रंथालयातल्या ताई, आणि त्या रजेवर असताना पोळीभाजी आणणारी त्यांची बहीण. फलकावर सुवाच्य अक्षरात विषय लिहिणारा दुसऱ्या वर्षाचा मुलगा. स्टेशनवर छत्री घेऊन थांबणारे लेखनिक. माईकची वायर पायाने दाबून धरणारा वॉचमन, कारण वायर सुटली की आवाज जाई. समई घासणाऱ्या मावशी. बिलं मंजूर करून देणाऱ्या लेखा विभागातल्या मॅडम (उशिरा, पण करून देत).

2011 च्या जनगणनेनंतर झालेल्या पडताळणीत हजारी 23 माणसं मोजायची राहून गेल्याचं आढळलं. माझ्या यादीतूनही कोणी सुटलंच असणार, म्हणून काल रात्री जुनी वही काढली. सह्या सगळ्या आहेत. चहावाल्या पोराची नाही. तो रोज एक वाजून चाळीस मिनिटांनी यायचा, आठवडाभर, चार वर्षं.