एसी का नाही लावला? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, भिशीत, पेट्रोल पंपावर, जिथे माझी गाडी दिसते तिथे एकच प्रश्न. "टेम्पो ट्रॅव्हलर आतून एवढी घरासारखी केली, पलंग बसवला, ओटा बसवला, मग एसी का नाही? नागपूरची ना तुम्ही?" नागपूरची आहे म्हणूनच, असं म्हणून मी हसते नि विषय संपवते. आज एकदाच नीट सांगते.

तयार उत्तर हिशेबाचं आहे. माझी बॅटरी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-अवरची. १,००० वॅट खाणारा एसी तिला दोन-सव्वादोन तासांत झोपवतो. छतावरचा पंखा ३ अँपिअर घेतो, रात्रभर चालला तरी सकाळी बॅटरीत जीव असतो. हे सगळं खरं आहे. पण ढाबेवाल्याला पैसे देऊन वायर जोडता येते हेही खरं आहे, आणि धाकट्या भावाने ते मला पन्नासदा ऐकवलंय. तेव्हा हिशेब राहू द्या.

२०१९ चा मे. गाडी नवी होती. पत्र्याला आतून फोम, त्यावर प्लाय, एकूणएक फट सिलिकॉनने बुजवलेली. धुळीचा कण आत येत नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दार लावून दाखवायची. बाबांना रामटेकला न्यायचं होतं. सकाळीच गडावर जाऊन आलो, खिंडसी तलावाजवळ एका कडुलिंबाखाली गाडी लावली. ऊन उतरलं की निघायचं होतं. बाहेर पारा ४५ च्या वर. आत छोटा कूलर सुरू केला आणि झळा येऊ नयेत म्हणून सगळ्या काचा लावून घेतल्या.

थांबा. तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. कूलर खिडकीत लावायचा आणि समोरचं दार उघडं ठेवायचं, हे नागपुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी कोणी दार ओढलं की आई आतून ओरडायची, "उघडा ते, चिपचिप होते." जन्मभर ऐकलं. पण गाडी म्हणजे थर्मास, आतला गारवा बाहेर सांडू द्यायचा नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं, म्हणून कूलर गार करतो. आतली हवा ओलीने भरली की पाणी वाळायचं थांबतं, अंगावरचा घामसुद्धा. तेव्हाची मी अजून वाद घालते: पहिली वीस मिनिटं मस्त गार होतं ना? होतं. म्हणून तर मी निर्धास्त झोपले.

जाग आली तेव्हा कडुलिंबाची सावली गाडीवरून कधीच सरकली होती. बाबा पलंगावर बसून होते, हातात सकाळचा पेपर. तो पेपर मला अजून दिसतो. कडक कागद ओल्या पंच्यासारखा दोन्ही बाजूंनी लोंबत होता. त्यावरून कळायला हवं होतं. मी विचारलं, "पाणी देऊ?" ते म्हणाले, "मागचे पुढे सरका, तिकीट झालं का तुमचं?" बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

मागचं दार लाथेने उघडलं. त्यांना काखेत धरून झाडामागच्या सावलीत आणलं, चादर कूलरच्या टबात बुचकळून अंगावर टाकली. लू सुटलेलीच होती. ज्या झळांना घाबरून मी काचा लावल्या, त्याच झळांनी ती चादर वाळवली, मी पुन्हा भिजवली, पुन्हा वाळली. चौथ्या खेपेला त्यांनी मला नावाने हाक मारली. मग दवाखाना, दोन सलाईन, आणि डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसलेली मी.

आता छत पांढरं आहे, त्यात हवा बाहेर फेकणारा पंखा आहे, सावलीच्या बाजूची खालची खिडकी कायम उघडी. गाडी उभी केली की कूलर खिडकीबाहेर टांगते. धूळ येते. येऊ दे. एसी लावायचा म्हणजे पुन्हा सगळं बंद करायचं, आणि बॅटरी मध्येच बसली तर आत कोण झोपलंय ते आधी आठवतं. भाऊ म्हणतो, त्या दिवशी एसी असता तर काही झालंच नसतं. बरोबर आहे त्याचं. जूनमध्ये पाऊस लागला की माझा कूलर नुसता पंखा होतो, हेही त्याचं बरोबर.

बाबांना त्या दुपारचं काही आठवत नाही. गडावरचे लंगूर आठवतात, त्यानंतर थेट सलाईन. दर मार्चमध्ये ते अंगणात गाडीच्या पायरीवर येऊन बसतात, आतला फोम बोटाने दाबून बघतात आणि म्हणतात, "एवढा खर्च केला, मग एसी काहून नाही लावत वं?"

बघू, म्हणते मी, पुढच्या वर्षी.